माझ्या बापाची दारू

इंद्रजीतदादाची साक्ष मी आजवर अकरा वेळा ऐकली आणि दर वेळी तिच्यातल्या बाटल्या वाढत गेल्या. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचा तो पुढारी. प्रभूनं आपल्याला कसं वाचवलं हे चारचौघांत उभं राहून सांगायचं, त्याला आमच्यात साक्ष म्हणतात. बाप्तिस्मा घेणाऱ्यानं पाण्यात उतरण्याआधी ती द्यायचीच. माझी साक्ष मी वहीत लिहून नेली. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या प्रार्थनेच्या हॉलवर त्यानं ती वाचली आणि आळणी भाजी सरकवावी तशी वही परत सरकवली.

"यात काय हाय, अमृता? आई गेली, घर मुकं झालं, प्रार्थनेत बसल्यावर वाटलं कुणीतरी आपल्याला ओळखतंय. बस? एवढ्यानं कोण रडतंय?"

"पण एवढंच झालंय, दादा."

"घरात काहीतरी असंल की. बाप पितो का?"

माझा बाप कडुबा, माझे अण्णा. एका बँकेच्या दारावर वॉचमन. अठराव्या वर्षी बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, तेव्हापासून पोटात दारूचा थेंब नाही की तोंडात खोटा शब्द नाही. मित्राच्या घरी हळदीला बाटली निघाली, तर भरल्या ताटावरून उठून आलेला माणूस.

हे मला सांगता आलं असतं. मी म्हणाले, "कधी कधी."

का म्हणाले? कारण मला तिथं राहायचं होतं. कॉलेजात मी कुणीच नव्हते. घरात आईचा फोटो आणि दोन ताटं. या हॉलमध्ये मला पहिल्यांदा वाटलं होतं की मीही कुणीतरी आहे. ते हातचं जाईल या भीतीनं मी बाप विकला.

शनिवारच्या सभेत उभी राहिले आणि बोलत सुटले. बाप रोज पिऊन येतो, आईला मारायचा, असलं सगळं. बायांनी पदर डोळ्यांना लावले. कीबोर्डवाल्यानं मागं हळू सूर धरला. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा तोंडपाठ असलेली पन्नास माणसं टाळ्या वाजवत होती, आणि दादा त्यांच्याकडं गिऱ्हाईक जमलेल्या हलवायासारखा खूश होऊन बघत होता. मला त्याची शिसारी आली. घरी येऊन तीन वेळा चूळ भरली, तरी तोंडातली घाण जाईना, तेव्हा कळलं की शिसारी कुणाची आहे.

बाप्तिस्मा बिडकीनजवळच्या एका शेततळ्यात ठरला. मी मंडळीत जायला लागल्यापासून अण्णा माझ्याशी कामापुरतंच बोलत. आदल्या दिवशी मात्र इस्त्री करता करता म्हणाले, "मला तुमच्या देवातलं लई कळत नाय. पण तू पाण्यात उतरायलीस, मंग टावेल कोण धरंल? म्या येतो."

येऊ नका, असं कुठल्या तोंडानं म्हणणार होते?

तळ्याला काळं प्लास्टिक अंथरलेलं, कडेला बोटभर शेवाळ, पाण्याला कुबट वास. बाप्तिस्मा देणारे पाळक कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. इंद्रजीतदादा फोनवर चित्रीकरण करत मला शिकवत होता, "तोंड उन्हाकडं ठेव. रडू आलं तर पुसू नको." अण्णा पांढरा शर्ट घालून, खांद्यावर टॉवेल टाकून बाजूला उभे. लोक त्यांच्याकडं बघून कुजबुजत होते.

मंडळीतली सगळ्यात म्हातारी, सारजाबाई, सरळ त्यांच्याकडं गेली. बाई मनानं खरंच भली. तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"भाऊ, तुमच्या लेकीनं समदं सांगितलं. खचू नका. प्रभू तुमची दारू सोडवील. मी रोज प्रार्थना करते."

अण्णांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी मान खाली घातली. तेवढ्यावरून त्यांना सगळं कळलं.

"सुटली, बाई," ते म्हणाले. "लई दिस झाले. सुटली."

अठराव्या वर्षापासूनचं पहिलं खोटं. तेही माझी अब्रू झाकायला.

"हालेलूया!" दादा ओरडला आणि फोन अण्णांच्या तोंडापुढं नेला. "भाऊ, परत एकदा बोला. आवाज नीट आला नाय."

मी मधे जाऊन उभी राहिले.

"अण्णा पीत नाहीत. कधीच प्यायले नाहीत. आईवर त्यांनी कधी हात उचलला नाही. शनिवारी मी खोटं बोलले, आणि आता ते माझ्यापायी बोलले. माझी आई गेली, घर मुकं झालं, आणि प्रार्थनेत मला वाटलं कुणीतरी मला ओळखतं. ओळखत असेल तर त्याला हेही माहीत आहे. माझी साक्ष एवढीच."

कुणी रडलं नाही. सारजाबाईनं पदर तोंडाला लावला. दादानं फोन खाली घेतला आणि पुटपुटला, "हे कापावं लागंल."

पाळकांनी पाण्यातून हात पुढं केला. मग म्हणाले, "अजून उतरायचंय?"

"व्हय."

पाणी नाकात गेलं, शेवाळाचं, घाणेरडं. वर आले तेव्हा टाळी वाजली नाही. काठावर अण्णा दोन्ही हातांनी टॉवेल पसरून उभे होते, लहानपणी न्हाणीच्या दारात उभे राहायचे तसे. त्यांनी माझं डोकं खसाखसा पुसलं. दुखलं, पण मी हलले नाही.

"अण्णा, माझ्यामुळं तुमची प्रतिज्ञा मोडली."

"मोडली," ते म्हणाले. टॉवेल पिळून त्यांनी पुन्हा खांद्यावर टाकला. "तू आत्ता घेतलीस ती तरी सांभाळ."