फळ्या निळ्या होईनात

लाकूड निळं पडू द्यायचं नाही, एवढंच जानरावचं काम होतं. भिलाईजवळ रुआबांध्याच्या आरा मशीनवर चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, ओल्या फळ्या कापून निघाल्या की त्या औषधाच्या हौदात बुडवायच्या, मनात तीसपर्यंत मोजायचं आणि काढायच्या. नाहीतर बुरशी धरून निळे डाग पडत. पुढे त्याच फळ्यांचे साचे ठोकून त्यांत नव्या पोलाद कारखान्याच्या पायाचं काँक्रीट ओतत आणि डाग कोणाच्या बापालाही दिसत नसत. पण तो विचार करायचा पगार जानरावला नव्हता. दीड वर्षात औषधानं त्याच्या हातांची साल तीनदा निघाली होती.

एप्रिलात नव्या साहेबांना शंका आली. "दवा से कुछ होता भी है?" त्यांनी एक थप्पी रचायला लावली. खाली बुडवलेल्या वीस फळ्या, वर न बुडवलेल्या वीस. बारा दिवसांनी वरच्या निळ्या झालेल्या नसल्या, तर हौद बंद आणि जानराव घरी.

चार दिवस झाले. भिलाईच्या उन्हात फळ्या वाळायला लागल्या. निळ्याचं नाव नाही. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जानरावनं थप्पीवर ओली गोणपाटं टाकली. त्याची बायको भीमाबाई डबा घेऊन आली, तेव्हा तो वरून पाणी शिंपडत होता.

"हे काय करून राहिले तुमी?"

"बुरशीले पाणी देऊन राहिलो."

"कावून?"

"थे नाई आली तं नोकरी जाते."

भीमाबाईनं थप्पीकडे पाहिलं. "दीड साल तिले मारलं, अन् आता बाळंतिणीवानी सांभाळता?"

"बोलू नको. बादली भरून आण, नळ दूर आहे."

तिनं आणली. मग रोजच आणली.

बाराव्या दिवशी जानरावनं गोणपाटं लवकर काढून ठेवली, मग साहेब आले. वरच्या विसाच्या वीस फळ्या निळ्याशार. जानरावचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी खालच्या काढायला लावल्या. त्याही निळ्या. आठ दिवस पाणी वरून खाली झिरपलं होतं आणि औषध धुऊन गेलं होतं. हे तिथं एकाच माणसाला कळलं, आणि तो खाली पाहत उभा होता.

"मतलब, दवा कमज़ोर है," साहेब म्हणाले. "कल से डबल डालो. और ये आदमी यहीं रहेगा, पक्का."

"जी साब," जानराव म्हणाला.

आठवडाभरानं जेवायला बसल्यावर भीमाबाई म्हणाली, "वाचली ना नोकरी? मंग तोंड कावून असं?"

"वाचली," जानराव म्हणाला. "भात जरा कालवून दे. बोटं वाकून नाई राहिली."