सातवा बदल तेवढा घ्या

दुसऱ्याच्या दुधावरची साय काढायची, एवढी एकच विद्या आमच्या साहेबांना येते.

आमची कंपनी लिफ्ट चालवणारा प्रोग्राम लिहिते. आमच्या विभागातल्या इंजिनिअर बाईंनी चार महिने खपून प्रोग्रामच्या एका वेगळ्या प्रतीत, म्हणजे आमच्या भाषेत शाखेत, दाराचं काम केलं होतं. एकोणीस बदल, एकात एक गुंतलेले. त्या रजेवर गेल्या आणि साहेबांनी फर्मान काढलं, "काका, अख्खी शाखा मूळ प्रोग्राममध्ये मर्ज करायची तर तपासणीत आठवडा जाईल. उद्या इस्पितळाच्या लिफ्टमध्ये नवा प्रोग्राम बसवायचाय. दार दोन सेकंद लवकर लागतं ना, तो सातवा बदल तेवढा चेरी-पिक करा."

म्हणजे झाड सोडून एकच फळ खुडायचं. मी खुडलं. कुठे काही अडलं नाही.

"बघा, कसली कुरकूर नाही!" साहेब म्हणाले. मशीन कुरकुरलं नाही की काम बरोबर, ही त्यांची अक्कल. माझी तरी काय मोठी? मंजुरी मीच दिली.

दुपारी चैन पडेना म्हणून बाईंना फोन केला.

"सातवा एकटा? आणि सहावा, काका?"

"तो नाही घेतला."

"अहो, लागण्याआधी दारात कुणी आहे का ते बघायचं, हे सहाव्यात आहे! जुनं दार सावकाश लागायचं, माणूस मागे सरायचा. आता कुबड्यांवरचा माणूस काय सरणार? तुम्ही वाचलं नाहीत?"

मी वाचलं नव्हतं. घरी पुस्तकातली तळटीपही न सोडणारा मी.

साहेबांना जाऊन सांगितलं. "बाईंना आपलं सगळंच महत्त्वाचं वाटतं," ते म्हणाले. "एवढ्याने कुणी मरत नाही."

"चाचणीच्या लिफ्टमध्ये तो बदल घातलाय," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. "दारात हात धरायचा का, साहेब?"

"कुणाचा?"

"तुमचा."

आम्ही तळमजल्यावर गेलो. हातातलं काम टाकून चार जण मागे आले. आता साहेबांना माघार घेता येईना. त्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाही सारली, हात दारात धरला. मी बटण दाबलं. दार हललं मात्र, हात चटका बसल्यासारखा मागे आला. दार खाडकन लागलं. कुणीतरी हसू दाबायला खोकलं.

"मी मंजुरी मागे घेतोय," मी म्हणालो. "सगळी शाखा तपासून मर्ज करू."

"तेच मी सांगणार होतो," साहेब घड्याळ बांधत म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी इस्पितळासाठी पत्राचा मसुदा केला: सुरक्षिततेत तडजोड आम्हाला मान्य नाही, सबब आठवड्याची मुदत द्यावी. नजर टाकायला तो माझ्याकडे आला. मी खाली एक वाक्य जोडलं: 'हा धोका आमच्या इंजिनिअर बाईंनी ओळखला, आणि न वाचता मंजुरी देण्याची चूक माझी.'

पत्र गेलं. वाक्याचा पहिला अर्धा भाग साहेबांनी गाळला होता. दुसरा ठेवला होता.