माझा कोपरा कुणी मोडला?

मित्रांनो, मी जुना आहे, लाकडी आहे आणि वाकडा आहे. यातलं तिसरं विशेषण मी अभिमानाने लावतो. सध्या माझं डोकं फिरलंय तेही त्याच्यापायीच.

मी फेनान्थ्रीन या रेणूचा नमुना. कार्बनचे चौदा काळे गोळे, हायड्रोजनचे दहा पांढरे, आणि जोडायला काड्या. एका सुताराने कोन मोजून मला घडवलं. माझ्या अंगात तीन षटकोनी कड्या आहेत: दोन रांगेत, तिसरी बाजूला वळलेली. तिन्ही एका रांगेत लावल्या तर गोळे तेवढेच राहतात, पण रेणू बदलतो. त्याचं नाव अँथ्रासीन. तो माझ्याहून कमी स्थिर. माझ्या वळणामुळे टोकाच्या दोन्ही कड्यांना सहा-सहा इलेक्ट्रॉनांचं आपापलं रिंगण मिळतं. रांगेत तिघींना मिळून एकच रिंगण पुरवून वापरावं लागतं. वाकडेपण हाच माझा कणा आहे.

वीस वर्षं मुलं मला हातात घेऊन हे शिकली. मग प्रयोगशाळेत नवे शिपाई आले, टापटीपकाका.

"कुणीतरी पाडलेला दिसतोय हा. पायच वाकडा झालाय," कपाट पुसताना ते म्हणाले.

"करा काय ते, पण कपाट आज लावून व्हायला हवं," प्रयोगशाळेच्या बाई रजिस्टरमधून मान वर न काढता म्हणाल्या.

काकांनी माझी कडी उपटली, सरकवली, एक पांढरा गोळा इकडचा तिकडे बसवला. मी सरळ झालो. गळ्यातली 'फेनान्थ्रीन' ही चिठ्ठी मात्र जुनीच राहिली.

परवा तोंडी परीक्षा झाली. गेल्या खेपेला तीन गुणांनी नापास झालेली एक मुलगी समोर आली. बाहेरच्या परीक्षकांनी मला उचललं.

"हे काय?"

"अँथ्रासीन, सर."

"चिठ्ठी वाचता येते ना?"

"येते, सर. पण कड्या एका रांगेत आहेत. चिठ्ठी तरी चुकलीय, नाहीतर नमुना."

"म्हणजे अख्खं कॉलेज चूक, आणि तुम्ही तेवढ्या बरोबर?"

"मोजून दाखवते, सर." तिने माझी कडी सोडवली, पांढरा गोळा हलवला, कडी जागेवर बसवली. कोन अचूक आला. "आता हा फेनान्थ्रीन."

"तोडफोड पुरे. पुढचा कोण?" परीक्षकांनी तिच्या नावापुढे शून्य मांडलं.

पुढचा मुलगा आला. त्याच्यासमोर पुन्हा मीच, तिने दुरुस्त केलेला.

"हे काय?"

"फेनान्थ्रीन," तो चिठ्ठी वाचून म्हणाला.

"शाबास. पाचपैकी पाच."

ती दारातच उभी होती. तिने ऐकलं.

मित्रांनो, मला तेल नको, नवा रंग नको. वाकडं दिसलं की सरळ करायला हात शिवशिवतात ना, ते आधी माझ्या गोळ्यांवर फिरवा. मोजा. आणि कुणी मोजून बोलत असेल, तर निदान तेवढा वेळ तरी चिठ्ठी झाकून ठेवा.