माईकसमोरचा चुडा

“थांबा मॅडम,” नागेंद्रने हात वर केला. “परत आल्या बघा बांगड्या.”

पूर्णिमाची बोटं गिटारच्या तारांवरच थांबली. कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या मनुबाईने, तिच्या सासूने, इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला आणि पदराने मान पुसली. आवाज येतो म्हणून पंखा बंद, एसी बंद, खिडकीला गादी टेकवलेली. गुऱ्हाळात काहिलीशेजारी उभं राहिलं तरी एवढा घाम येत नाही, असं तिला मघापासून वाटत होतं. पण बोलायची सोय नव्हती, बोललं की तेही रेकॉर्ड होणार.

बेळगावजवळच्या मच्छेत नागेंद्रच्या भावाचं लेथ मशीनचं वर्कशॉप होतं आणि त्याच्या वरच्या खोलीत नागेंद्रचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे मधे मोठी काच, पलीकडे गवई, असला थाट इथे नव्हता. वाजवणारा, रेकॉर्ड करणारा आणि सोबतीला आलेलं माणूस, सगळे एकाच खोलीत. लाल दिवा लागला की सगळ्यांनी दगड व्हायचं. एरवी इथे भजनी मंडळं यायची. टाळ-मृदंगाच्या गदारोळात एक बांगडी वाजली काय आणि चार वाजल्या काय, कोण विचारतो? पण आजचं गाणं सुरूच नुसत्या गिटारवर होत होतं. ना गळा, ना ढोलकी. गिटारच्या पुढ्यात वीतभर अंतरावर माईक उभा होता आणि त्याचे कान मनुबाईच्या नणंदेपेक्षा तिखट होते. बोट तारेवरून घसरलं तरी त्याला कळायचं, श्वास घेतला तरी कळायचं. मग हातभर हिरव्या काचेच्या बांगड्या लाकडावर टेकल्यावर तो गप्प कसा बसेल?

ही सगळी उठाठेव मनुबाईच्या लेकामुळेच झालेली. युवराज फौजेत. लग्नाची सुट्टी संपवून जाण्याआधी त्याने बेळगुंदीच्या घराच्या अंगणात गिटार वाजवणाऱ्या बायकोचा व्हिडिओ काढला आणि मोबाईलवरून चौघांना पाठवून दिला. तो फिरत फिरत कोल्हापूरच्या एका संगीतकारापर्यंत गेला. पूर्णिमा निपाणीची पोर, बेळगावात कॉलेज करता करता गिटार शिकलेली. संगीतकाराने तिला फोन करून सांगितलं, माझ्या सिनेमातल्या गाण्याची सुरुवात तुम्हीच वाजवा. फक्त आज संध्याकाळच्या आत पाठवा, नाहीतर पुण्याचा वादक तयार बसलाय. त्या फोननंतर पोरीचं जेवणात लक्ष नव्हतं. स्वयंपाक करतानाही तिची बोटं ओट्यावर चालायची, आणि मनुबाईला ते बघून हसूही यायचं आणि कौतुकही वाटायचं.

आता दुपार कलली होती आणि एक टेक धड झाला नव्हता. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथे विघ्न एकच होतं, पण दोन्ही मनगटं भरून होतं.

उपाय करून झाले होते. बांगड्या वर सरकवल्या, तर हात हलला की घसरून जागेवर. त्यांच्यावर रुमाल गुंडाळला, तर किणकिण गेली, पण मनगट लाकडासारखं ताठ झालं आणि बोटं तालाच्या मागे पडायला लागली. माईक लांब नेला, तर गिटार विहिरीतून वाजल्यासारखी ऐकू आली.

“मावशी, एक सांगू काय?” नागेंद्रने खुर्ची वळवली. माणूस सरळ होता, पण वैतागला होता. “खाली नळाला साबण हाय. स्वल्प वेळ काढू देत की त्येंना. वाजवून झालं की परत घालतील.”

“न्हाय,” मनुबाई म्हणाली.

“अवो, पाच मिन्टाचं काम.”

“युवराज पयल्या सुट्टीला येऊस्तवर चुडा हातातनं उतरायचा न्हाय. आमच्या घरची रीत हाय ती.”

घरची रीत कसली, मनुबाईच्या काळजाची रीत होती ती. युवराज कुठेतरी बर्फाच्या ठाण्यावर होता आणि आठवडा उलटून गेला तरी त्याचा फोन नव्हता. वर नेटवर्क नसतं, काळजी करू नका, असं तो जाताना सांगून गेला होता. काळजी करू नका म्हटल्यावर काळजी थांबली असती, तर आयांना दुसरं काम तरी काय उरलं असतं! मनुबाईने मनाशी एकच गाठ मारून ठेवली होती. सुनेच्या हातातला चुडा अख्खा आहे, तोवर माझा लेक अख्खा आहे. हे तिने तोंडातून कधी काढलं नव्हतं, पण पूर्णिमाला ते कळलं होतं. भांडी घासताना, दार लावताना ती मनगटं जपायची.

मोबाईलवरूनही सकाळी असंच झालं होतं. नागेंद्रने तो बंद करा म्हटल्यावर मनुबाई उठूनच उभी राहिली होती. “मग मी भाईर बसतो, पर फोन बंद करणार न्हाय.” शेवटी त्यानेच आवाज आणि थरथर दोन्ही बंद करून मोबाईल तिच्या मांडीवर उताणा ठेवला. फोन आला तर नुसता उजेड पडेल, तेवढं चालेल, म्हणाला. तेव्हापासून तिचा एक डोळा त्या काळ्या काचेवरच होता.

“ऱ्हाऊ दे, नागेंद्रसर,” पूर्णिमा खालच्या आवाजात म्हणाली. “मी हात दाबून धरून वाजवते.”

ती एकदाही सासूला ‘आत्ती, काढू का’ असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर मनुबाईला रागवायला बरं झालं असतं.

लाल दिवा लागला. पूर्णिमाने उजवा हात गिटारच्या कडेवर असा दाबून धरला की बांगड्यांना हलायला जागाच उरू नये. हाताच्या शिरा वर आल्या. सूर सुरू झाले. नागेंद्रने कानांवरचा हेडफोन दोन्ही हातांनी धरला आणि पहिल्यांदाच त्याची मान डोलली. मनुबाईला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण ते सूर ऐकून तिला आपलं अंगण आठवलं, आणि अंगणात मोबाईल धरून हसणारा युवराज. या खेपेला होणार, असं तिला वाटलं. डावा हात गिटारच्या मानेवरून खाली आला, उजवा हात झटक्यात वळला, आणि टक्कन आवाज झाला.

हिरव्या काचेचे दोन तुकडे फरशीवर पडले.

नागेंद्रने दिवा बंद केला. बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं असतं, पण तेवढा शब्दही कुणाच्या तोंडून निघाला नाही. मनुबाईची नजर आधी मोबाईलकडे गेली. तो काळाच होता. मग तिला असा संताप आला की सांगता सोय नाही. त्या गिटारचा आला, कोल्हापूरच्या माणसाचा आला, पोरीचा तर आलाच. ‘सांगितलं हुतं न्हवं तुला’ हे शब्द अगदी ओठावर आले.

पूर्णिमाने गिटार बाजूला ठेवली होती आणि ती फरशीवर बसली होती. मनगटावर रक्ताचा बारीक थेंब होता, त्याच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन ती एकमेकांना जोडून बघत होती. “आत्ती, मी मुद्दाम न्हाई हो केलं,” ती म्हणत होती. “त्यांना काय होणार न्हाई ना? सांगा की. काय होणार न्हाई ना त्यांना?” कॉलेज शिकलेली पोर, पण पुन्हा पुन्हा जुळवत होती आणि ते तुकडे काही केल्या जुळत नव्हते.

मनुबाईच्या ओठावरचे शब्द परत आत गेले. फरशीवर बसून बांगडीचे तुकडे बघणारी बाई तिने आधी एकदा पाहिली होती. ती बाई ती स्वतःच होती.

ती खुर्चीवरून उठली आणि गुडघे धरत सुनेशेजारी खाली बसली.

“युवराजचा बा गेला तवा माझ्या हातात यात्रेतनं घेतलेल्या कोऱ्या बांगड्या हुत्या,” ती म्हणाली. “ट्रक घेऊन गेलतं माणूस. कोगनोळीच्या म्होरं अपघात झाला. एका अनोळखी माणसानं दारात येऊन सांगितलं. मी लई जपायची गं बांगड्या, तुझ्यासारखंच. त्या दिशी एकबी वाढली नव्हती. सगळ्या अख्ख्या हुत्या.”

पूर्णिमाची तुकडे जुळवणारी बोटं थांबली.

“मग बायकांनी दगडावर धरून फोडल्या. दुसऱ्या दिशी कुणी उठायच्या आधी मी अंगणात गेलतो आणि समदे तुकडे गोळा केले. एकेक उजेडात धरून बघितला. कुठं जुनी चीर हाय काय बघत हुतो. एक तरी आधीच तडकलेली असंल, माझ्याच ध्यानात आली नसंल, म्हणून माणूस गेला असंल. चीर न्हवती गं. कशाला बी न्हवती.” मनुबाईने पूर्णिमाच्या तळहातावरचे तुकडे उचलून घेतले. “हे मी आजवर कुणाला बोललो न्हाय. आणि तरीबी तुझ्या हातावर पहारा ठेवून बसलो. येडीच की मी.”

तिने पदराच्या टोकाने सुनेच्या मनगटावरचं रक्त टिपलं. मग नागेंद्रकडे वळून म्हणाली, “बघतोस काय रं बाबा? आण तो साबण.”

बांगडी भरणं कासाराला येतं, पण उतरवणं बायकांनाच येतं. मनुबाईने पूर्णिमाचा अंगठा तळहातात दुमडला, साबणाचा फेस केला आणि एकेक बांगडी अलगद ओढून काढली. एकही वाढली नाही. नागेंद्रने टेबलावर जागा केली, तशी तिने मान हलवली.

“चुडा असा खाली ठेवायचा न्हाय. हातात ऱ्हायला पायजे.”

“मग कुणाच्या?” नागेंद्रने विचारलं, आणि विचारून झाल्यावर त्याला उत्तर कळलं.

मनुबाईचे हात युवराज चालायला लागला तेव्हापासून भुंडे होते. आता ते वाळलेही होते. साबण न लावताच बांगड्या तिच्या हातात चढल्या. लोक काय म्हणतील, असं क्षणभर तिच्या मनात आलं. मग वाटलं, लोकांनी तेव्हा जे म्हणायचं ते म्हणून घेतलंय. तिला लाजही वाटली आणि फार बरंही वाटलं.

“वाजीव,” ती खुर्चीत बसत म्हणाली.

“मावशी, आता तुम्ही हलायचं न्हाय बघा,” नागेंद्र म्हणाला. “खोली एकच हाय. तुमचा हात हलला तर गेलं. शेवटची तार विझून मी हात खाली करेपर्यंत हलायचं न्हाय.”

मनुबाईने मोबाईल पुन्हा मांडीवर उताणा ठेवला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. लाल दिवा लागला.

आता पूर्णिमाचा हात मोकळा होता. सूर न अडखळता येत होते. अवघड जागा आली तेव्हा मनुबाईने डोळे मिटले, आणि ती जागा गेली. तिने डोळे उघडले तर मांडीवर उजेड पडला होता.

फोन येत होता. नाव नव्हतं, नुसता नंबर होता. अनोळखी.

युवराज दुसऱ्या कुणाच्या फोनवरून लावत असेल. की दुसराच कुणी, काहीतरी सांगायला? भावकूची, तिच्या नवऱ्याची बातमी आली ती अनोळखी माणसाच्याच तोंडून. बोट उचललं की कळणार होतं. बोट उचललं की बांगड्या वाजणार होत्या. आता घेतला नाही आणि पुन्हा आठवडाभर फोन लागला नाही तर? समोर पूर्णिमा डोळे मिटून वाजवत होती, तिच्या चेहऱ्यावर आता भीती नव्हती. ‘माफ कर रं लेकरा,’ मनुबाई मनात म्हणाली आणि तिने हात हलवला नाही. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं, तेही पुसलं नाही. थोड्या वेळाने उजेड विझला.

शेवटची तार वाजली. ती विझता विझेना. नागेंद्रचा हात वरच होता. मग तो हळूहळू खाली आला.

“मिळाला,” तो म्हणाला. “लई भारी टेक मिळाला मॅडम!”

मनुबाईने झडप घालून मोबाईल उचलला, तेवढ्यात तो पुन्हा उजळला. तोच नंबर. तिच्या हातातला सगळा चुडा वाजायला लागला. कसंबसं तिने बटण सरकवलं. पूर्णिमा धावत येऊन तिच्या गुडघ्याशी बसली.

“आई, मी,” युवराजचा आवाज आला, लांबून, तुटत तुटत. “दोस्ताच्या फोनवरनं लावलोय. बरा हाय मी. मघाशी का उचलला न्हाईस?”

मनुबाईने फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“आई? ऐकू येतंय काय? आणि तुझ्याकडं हे काय वाजतंय?”

तिने आपल्या हातांकडे पाहिलं.

“बांगड्या, बाळा,” ती म्हणाली. “माझ्या बांगड्या.”