शर्टाच्या कागदाची चांदणी

मी एक जुनी कागदाची चांदणी आहे. 'आहे' म्हणायची आपली एक सवय. आज मला कोणी पाहिले तर चुरगळलेला कागद म्हणेल, आणि त्याचे काही चुकणार नाही. मित्रांनो, नाताळची चांदणी आपली गोष्ट सांगते आहे म्हटल्यावर तुम्ही काहीतरी गोड ऐकायला सरसावून बसला असाल. तर आधीच सांगून टाकते, माझ्याजवळ तसले काही नाही.

माझा जन्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. मला घडवणारी बाई शर्टांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. दिवसभर शर्टांच्या घड्या घालायच्या, टाचण्या टोचायच्या, शर्ट खोक्यात ठेवून वर पांढरा करकरीत कागद घालायचा, हे तिचे काम. कोपरा दुमडलेला कागद तिथे बाद होई. असले बाद कागद ती मुकादमाला विचारून घरी आणत असे. घरात तिची दोन मुले होती, थोरला दादा आणि त्याच्या पाठची धाकटी. नवरा कधीच देवाघरी गेला होता. ती दोघे तिला आई म्हणत, म्हणून मीही आईच म्हणते. माझा तिच्यावर त्या दोघांपेक्षा कमी हक्क नाही.

नाताळ जवळ आला की आई टेबल कोरडे पुसून घ्यायची आणि कागद मांडायची. कात्रीला परवानगी नव्हती, डिंकाला तर मुळीच नाही. "डिंक मिळाला की घडी आळशी होते," असे ती म्हणायची. छोट्या चांदण्या, घंटा, देवदूत हे सगळे तिच्या हातचा मळ होते. बोलता बोलता करायची आणि शेजारीपाजारी वाटून टाकायची. माझे तसे नव्हते. माझ्यासाठी तिने एक अख्खा रविवार खर्ची घातला. आधी साऱ्या कागदावर नुसत्या रेषा उमटवल्या, घडी घालायची, अंगठ्याचे नख दाबून फिरवायचे, उलगडायची, पुन्हा घालायची. मग एकीच्या पोटात दुसरी अशा घड्या मिटवत नेल्या. शेवटी तिने मला चारी बाजूंनी हलकेच दाबले आणि मी फुलले.

"आई गं! ही कशी केलीस?" धाकटी ओरडली.

"बस इथे, दाखवते."

"आत्ता नको, मला खेळायला जायचंय. पुढच्या वर्षी."

त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही. लहान होती ती. मी तर नवी कोरी, कौतुकाने फुगलेली. मला दर्शनी खिडकीत टांगले. शेजारच्या काकू रोज येता-जाता मान वर करून बघायच्या आणि म्हणायच्या, "बाई, तुमच्या हातात जादू आहे हो!" सण सरला की आई मला शर्टाच्या खोक्यात, कापसावर निजवायची. वर्षभर अंधार आणि मग पुन्हा खिडकी. असे माझे उमेदीचे दिवस गेले.

आणि दर वर्षी मला खोक्यातून काढताना आई तेच विचारायची, "यंदा तरी शिकता का रे? एक दुपार बसा माझ्याजवळ." मुले मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, पण उत्तर काही मोठे झाले नाही. पुढच्या वर्षी नक्की. एकदा दादा म्हणाला, "आई, तू कर, मी व्हिडिओ घेतो. मग कधीही बघता येईल." आईने उत्साहाने बाद कागद काढला, पदराला हात पुसले आणि सुरुवात केली. तेवढ्यात त्याला कोणाचा तरी फोन आला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला, तो जेवायलाच परतला. त्या व्हिडिओत आईची बोटे तेवढी आहेत, पुढे काही नाही. आईने तो कागद गुपचूप घंटेला वापरून टाकला. ती रागावली नाही. मला मात्र अस्सा राग आला होता, पण टांगलेल्या चांदणीला विचारतो कोण?

मग एका पावसाळ्यात आई कारखान्यातच कोसळली. उजवे अंग गेले आणि वाचाही गेली. तिला सगळे समजत होते, पण तोंडातून शब्द म्हणून फुटत नव्हता. नाताळच्या तोंडावर तिला रुग्णालयातून घरी आणायचे ठरले, तेव्हा दोन्ही लेकरांना एकदम पाझर फुटला.

"आपण तिच्यासाठी अशीच दुसरी चांदणी करून ठेवू," धाकटी म्हणाली. "आई दारातून आली की बघेल."

"पण येते कोणाला?"

"ही उलगडून बघू ना! आईच म्हणायची, घातलेली घडी मोडता येते आणि मोडलेली पुन्हा घालता येते."

आई असे म्हणायची हे खरे आहे. पण ते ती कारखान्यातल्या नवख्या मुलींना धीर द्यायला म्हणायची, आणि ते शर्टाबद्दल होते. या दोघांनी तेवढेच बरे लक्षात ठेवले! मी जिवाच्या आकांताने घड्या घट्ट धरून ठेवल्या. धाकटीने त्या एकेक करून सोडवल्या, अगदी जपून, जीभ दातांत धरून. थोड्याच वेळात मी टेबलावर पालथी पडले होते, नुसता रेषांचा कागद.

"आता उलटं करत जायचं," दादा म्हणाला.

त्यांनी पुष्कळ करून पाहिले. रेषा जागच्या जागी होत्या. पण रेषा फक्त घडी कुठे ते सांगते. आधी कोणती आणि मग कोणती, हे कागदावर उमटत नाही. ते आईच्या बोटांत होते. शेवटी दोघांनी हात टेकले आणि मग एकमेकांवर ढकलायला लागले. "तूच म्हणालीस उलगडू." "तू व्हिडिओ नीट घेतला असतास तर?"

आई आली, खुर्चीत बसली आणि तिची नजर टेबलावर गेली. तिने मला ओळखले. तिच्या डोळ्यांत जे आले ते मला सांगता येणार नाही. पण ती रडत बसली नाही. डाव्या तळव्याने तिने मला सपाट केले, एक कड उचलली आणि धाकटीकडे पाहून हनुवटीने दुसरी कड दाखवली. धर, म्हणत होती ती. एक हात तिचा, एक लेकीचा, जमले असते हो! धाकटीने कड धरलीही. पण डाव्या हाताला सवय नव्हती, घडी सरकली, पुन्हा सरकली, आणि धाकटीला हुंदका आला.

"आई, राहू दे, दमशील," दादाने कागद काढून घेतला. "मी विकत आणतो. हल्ली छान मिळतात."

त्याने प्लास्टिकची आणली, लुकलुकणारी. काकूंनी तिचेही कौतुक केले.

मला फेकायला कोणाचे मन धजेना, म्हणून आईच्या औषधांच्या खणात अंथरले. माझ्या अंगावर आता बाटल्या आणि गोळ्यांची पाकिटे असतात. धाकटी रोज खण उघडते आणि पाकीट शोधते. तेवढ्या वेळात आई डावा हात खणात घालते आणि माझ्यावरून बोट फिरवते. मित्रांनो, ते उगाच फिरत नाही. ते रोज एकाच कोपऱ्यापासून निघते आणि रोज त्याच वाटेने जाते. ही पहिली घडी, ही तिच्या पोटातली, आता ही. काही चुकत नाही, काही गाळत नाही. दर वर्षी मागितलेली दुपार ती आता अशी चोरून घेते आहे.

"आई काय गं लहान मुलासारखी, कागदाशी खेळत बसतेस!" धाकटी म्हणते. माया आहे तिच्या बोलण्यात, नाही असे नाही. त्या मायेचाच मला जास्त राग येतो.

तुम्ही म्हणाल, चांदणीने शेवटी काहीतरी उपदेश करावा. जुन्या वस्तू जपा, असे मी सांगणार नाही. मला कापसावर जपलेच होते. तुमच्या घरात जिच्या हाताला काही येते, तिच्याजवळ आजच जाऊन बसा. आणि ती बोलायची थांबली असेल, तर निदान तिच्या हाताकडे बघा.

आज आईचे बोट जवळजवळ शेवटापर्यंत आले होते. धाकटीला पाकीट सापडले. तिने आईचा हात अलगद बाजूला केला आणि खण लावून टाकला.