प्रेमकुंवरने पाहिलेले गाव

मदनलाल शेटजी भिंत चाचपत जिना उतरले आणि उंबऱ्याशी उभे राहून ते पायानेच जोडे शोधू लागले. एक सापडला. दुसरा पायाच्या धक्क्याने कोपऱ्यात सरकला. ते तसेच, एका पायात जोडा घालून, दाराच्या कडीकडे हात नेऊ लागले.

वरून त्यांची बायको प्रेमकुंवर धावत आली. कणीक मळता मळता उठली होती, हाताला पीठ तसेच होते.

"कुठे निघालात?"

"नदीवर."

"एकटे?"

"मग कोण आहे?"

कोणीच नव्हते, हे खरे होते. लग्नसराईचे दिवस. पुढच्या बाजूला दुकानात लुगड्यांचे ढीग पडले होते आणि पुतण्या इंदरचंद दोन गुमास्त्यांसह त्यांत बुडाला होता. आतल्या दारातून त्याने हे बोलणे ऐकले आणि मोजायचा गज हातात धरूनच तो म्हणाला, "काका, उद्या गौतमभाऊची मोटार येतेच आहे. जाताना दाखवू की नदी."

'दाखवू' हा शब्द त्याच्या तोंडून निघून गेला खरा. मग तो खाली मान घालून कापड मोजू लागला.

शेटजी कडी चाचपत राहिले. धुळ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, गेलेली नजर परत येणार नाही म्हणून सांगितले, तेव्हाही ते असेच उठून दार शोधू लागले होते. तिथून मुलाने, गौतमने, दोघांना जळगावला आपल्या घरी नेले. पण उन्हाळा, पावसाळा तिथे काढून ते हट्टाने आपल्या पिंपळबर्डीला परतले. आता मुलगा कायमचे न्यायला येणार होता. त्याची डाळमिल होती, स्वतःचे घर होते, आणि त्या घराला जिना नव्हता.

प्रेमकुंवरने वाकून कोपऱ्यातला जोडा त्यांच्या पायात सरकवला. पदराला हात पुसला. मग कडी काढली, त्यांचा हात धरला आणि उन्हात उतरली. आपण काय केले ते तिला रस्त्यावर आल्यावर कळले.

कारण हा रस्ता तिने कधी पायांनी पाहिलाच नव्हता. नवी नवरी म्हणून ती या गावात आली ती पडदे लावलेल्या बैलांच्या दमणीतून, दिवस मावळताना. घुंगटाखालून तिला दिसली ती दमणीच्या तळाशी अंथरलेली गोधडी आणि स्वतःची मेंदीची पावले. पुढे सारा संसार वरच्या मजल्यावर झाला. मागच्या बोळातून जैन स्थानकात साध्वी महासतीजींच्या दर्शनाला जायचे. माहेरी निघाले तर बंद टांग्यातून रेल्वेवर. सासूबाई तारादेवी होत्या तोवर तो त्यांचा नियम होता, त्या गेल्यावर तो हिचा झाला. बाजारपेठ तिने पाहिली ती खिडकीच्या जाळीतून, वरून. म्हणून गाव तिला टाळूकडून ठाऊक होते. टोप्या, पागोटी, बायकांचे भांग, डोक्यावरच्या टोपल्या. आता समोरून येणाऱ्या प्रत्येक टोपीखाली एकेक चेहरा फुटत होता आणि ती चकित होऊन बघत होती. ते पिवळे पागोटे इतक्या तरुण माणसाचे! सावकाश चालणारी ती काळी टोपी, तिला मिशाही होत्या!

गावाबाहेरच्या जिनिंगमधून कापसाचे तंतू वाऱ्यावर येत होते. हळूहळू तरंगत ते पत्र्यांवर, बैलांच्या शिंगांवर, माणसांच्या खांद्यांवर उतरत होते आणि कोणी ते झटकत नव्हते.

"डावीकडे तांबट आळी," शेटजी म्हणाले. "ठोके ऐक. पूर्वी चार माणसं ठोकायला बसली की बोललेलं ऐकू यायचं नाही."

आता एकच हातोडा वाजत होता, मधूनमधून थांबून.

कोपऱ्यावर भाजीवाली बसली होती. प्रेमकुंवरने "सरका बाई जरा, यांना जाऊ द्या," म्हणताच ती ताडकन उठली.

"हाऊ आवाज मना वयखना शे! शेठानी?"

आवाजावरून ओळखणारी ती शेवंताबाई होती. रोज सकाळी खिडकीखाली येऊन हाक मारायची, वरून दोरीने टोपली सुटायची, तीत मेथी-वांगी घालून द्यायची. इतकी वर्षे दोघींचा व्यवहार दोरीवर झाला होता. आता दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. शेवंताबाईच्या हनुवटीवर तीन गोंदणठिपके होते.

"कथा चालनात?"

"नदीवर."

"तठेच शे समोर. जा माय, जा." आणि तिने एक कोवळी काकडी शेठाणीच्या हातात खुपसली.

गढी आली. जुन्या बुरुजांच्या आत मामलेदार कचेरी होती. बाहेर अर्ज लिहिणारे, पानवाले, सावलीत उकिडवी बसलेली खेड्यांतली माणसे. काही जणांनी शेटजींना हात जोडले आणि ते हात तसेच हवेत राहिले. प्रेमकुंवर हळूच म्हणाली, "नमस्कार करताहेत." शेटजींनी गढीच्या भिंतीकडे तोंड करून नमस्कार केला. तिने त्यांचा खांदा धरून त्यांना योग्य दिशेला वळवले. घुंगटातून तिला नीट दिसेना, पुढे गटार होते. तिने पदर मागे सारला. सारला तो सारलाच.

"आता वेस येईल," शेटजी म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "वेशीवर दोन्ही बाजूंना हत्ती कोरलेत. उजवीकडच्याची सोंड तुटलीय. लहानपणी वडील मला खांद्यावर घेऊन त्याला हात लावू द्यायचे. तू बघ हं."

प्रेमकुंवर बघत होती. समोर रस्ता चांगला रुंद होता. दोन्ही कडांना जुन्या चिऱ्यांचे चौथरे गुडघाभर उरले होते. एकावर सायकल दुरुस्तीवाला बसला होता, दुसऱ्यावर चहाची किटली. मधून एक एस.टी. धुरळा उडवत आत आली.

"दिसले का?"

तिने एस.टी. पुढे जाऊ दिली.

"दिसले," ती म्हणाली.

"कसे आहेत?"

"तुम्ही म्हणालात तसेच."

शेटजींनी मान हलवली. मग दोघे उतार उतरून घाटाशी आले. घाट जुना, मजबूत होता. पायऱ्यांवर ऊन पसरले होते. तिने त्यांना एका पायरीवर बसवले आणि स्वतः एक पायरी सोडून बसली.  काकडीचे दोन तुकडे करून तिने एक त्यांच्या हातात दिला.

"वेस कधी पाडली?" शेटजींनी विचारले.

तिच्या हातातला तुकडा तोंडाशीच थांबला.

"वेशीखालून जाताना गार लागतं. वैशाखातसुद्धा," ते म्हणाले. "दोन पावलं सावली येते न् जाते. आज पाठीवरचं ऊन हललं नाही."

"आपण जळगावला होतो तेव्हा पाडली असेल. मलाही ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "मला वाटलं, तुम्हाला लागेल."

"लागलंच." त्यांनी काकडी चावली. "सगळे हेच करतात, कुंवर. इंदर म्हणतो, दुकान पूर्वीसारखंच आहे. गौतम म्हणतो, नजर थोडी तरी येईल. मी हो म्हणतो. आता तूही सुरू केलंस तर मी कोणाच्या गावात राहू?"

त्यांनी तिला नावाने हाक मारली होती. घरात माणसांचा राबता असायचा, तिथे ते नाव कधी उच्चारले जात नसे.

"जे आहे ते सांग," ते म्हणाले.

प्रेमकुंवरने समोर पाहिले. अडखळत तिने सुरुवात केली. पाणी घाटाशी नाही. खूप लांब आहे, धोतराच्या काठाएवढी एक रेघ. मध्ये नुसती वाळू. वाळूत टरबुजांचे वेल लावलेत. एक माणूस डब्याने पाणी घालतोय, त्याचा कुत्रा त्याच्या सावलीतून चालतोय. पलीकडे बाभळी, आणि त्यांच्यामागे धूर, कसला ते कळत नाही. सांगता सांगता तिचा आवाज मोकळा होत गेला. इतके सलग ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

शेटजी डोळे मिटून ऐकत होते. मिटायची गरज नव्हती, तरी मिटले होते.

"आणखी?"

"आणखी तुम्ही. म्हातारे झालात. दाढी नीट झालेली नाही, गालावर खुंट राहिलेत."

ते हसले. पोट हलेपर्यंत हसले, आणि वाळूतला माणूस मान वर करून बघू लागला.

"उद्या गौतम येईल," हसू ओसरल्यावर ते म्हणाले.

"येऊ दे. जेवून जाईल." तिने त्यांच्या मांडीवरची काकडीची बी झटकली. "त्याला सांगू, आत्ताच नाही म्हणावं. माझा मंगळवारचा बाजार बघायचा राहिलाय. कचेरी आतून बघायचीय."

शेटजींनी तिच्याकडे तोंड वळवले.  मग ते हात पुढे करून उठले.

उतार चढून दोघे वर आले. उजवीकडे गाव, पेठ, घर. डावीकडे एक नवा, मुरूम टाकलेला रस्ता जिनिंगकडे गेला होता. त्याच्या टोकाला उघड्यावर कापसाच्या राशी लागल्या होत्या, घरांहून उंच, आणि उतरत्या उन्हात त्यांना फिकट केशरी रंग चढत होता. प्रेमकुंवर थबकली. मग तिने शेटजींचा हात आपल्या काखेत नीट घेतला आणि ती डावीकडे वळली.

काही अंतर ते तसेच चालले. मग पायांखालचा मुरूम शेटजींना लागला.

"हा रस्ता कुठला? घर तर मागे राहिलं. दिवस मावळायच्या आत जेवायला हवं."

"अजून आहे दिवस."

त्यांनी मान वर करून वास घेतला. सरकीचा उबदार, तेलकट वास होता. गालावर काहीतरी हलके येऊन टेकले.

"इथं मी कधी आलो नाही," ते म्हणाले.

"मीपण नाही," प्रेमकुंवर म्हणाली, आणि चालत राहिली.