दुसऱ्या हाकेचा जबाब

तुर्भ्याच्या त्या रसायनाच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा साहेबलोकांनी नारळ फोडला, हार घातला आणि माणसांची राखण त्याच्यावर सोपवली. आता बोला! माणसावर भरवसा नाही म्हणून यंत्र आणलं, आणि यंत्रापुढे बसायला पुन्हा माणूसच!

इंजिनीअर सुधीर करंदीकरने मशीनला ठरल्या वेळी आपोआप करायची कामं पढवून ठेवली होती. टाक्यांचं तापमान नोंदायचं, पाळीचा अहवाल छापायचा आणि थोड्या थोड्या वेळाने ऑपरेटरला हाक मारायची. टिंग वाजे, पडद्यावर अक्षरं उमटत: ‘आहेस का?’ तीन हाकांना जबाब आला नाही, तर ऑपरेटरला वायू लागला असं समजून भोंगा वाजे आणि माणसं धावत येत.

ऑपरेटर दिनानाथ मात्र कॉम्प्युटरच्या खोलीतच वायूने गेला. भोंगा वाजलाच नाही. वायर खराब होती असं ठरलं, सुधीरने ती बदलली, आणि त्या खुर्चीत दिनानाथचाच गाववाला कमळाकर म्हात्रे येऊन बसला. खाडीकाठी दोघं एकत्र वाढलेले. कमळाकरला ती खुर्ची नको होती, पण शेतं नव्या शहरासाठी सरकारने घेतलेली, नोकरी सोडून करणार काय?

बाकीचे ऑपरेटर टिंग वाजताच ‘यस’ लिहून मोकळे होत. कमळाकर थांबे. त्याची आई पुतळाबाई लहानपणापासून बजावायची, “पयल्या हाकेला ओ देऊ नको, दुसरीलाबी नको. तिसरी आली तरच मानूस समज.” लोक चिडवत, “कमळ्या, मशीनला पण हडळ समजतो काय रे?” चिडवोत बापडे. सवय ती सवय.

पहिल्याच दिवशी पहिली हाक आली. दुसरी आली. आणि कमळाकरचे दोन्ही हात मांडीवर असताना पडद्यावर अक्षरं उठली: ‘मी हाय.’

तिसरी हाक आलीच नाही. असा जबाब साऱ्या कारखान्यात एकटा दिनानाथ द्यायचा.

सुधीरने ऐकून घेतलं आणि उसनं हसला. “अरे, चहाला सटकता यावं म्हणून दिनानाथनेच हे काम मशीनला लावून ठेवलं असणार. तेच चालू आहे आपोआप.”

“म्हणजे तो पडला तवा मशीन त्याच्याच नावानं ‘हाय’ म्हनत बसली? म्हनून भोंगा नाय वाजला?”

“काढून टाकतो म्हटलं ना! टेन्शन घेऊ नकोस,” सुधीर त्याची नजर चुकवत म्हणाला. संध्याकाळी त्याने सांगितलंही, “काढलं.”

दुसऱ्या दिवशी कमळाकर मुद्दाम गप्प बसला. दुसऱ्या हाकेला ‘मी हाय’ आलंच! काम तर काढलेलं, मग हे लिहिलं कुणी? कुणाला सांगावं तर वेड्यात काढतील, आणि नाही सांगावं तर एक दिवस आपणही असेच पडून राहू. अखेर त्याने पडद्यापुढे हात जोडले. “दिना, बाबा, माझ्या वाटची ओ तू देऊ नको. मी पडलो तं कोनाला कळनार?”

एका दुपारी खोलीच्या एसीतून उग्र दर्प आला. कमळाकर उठला आणि दोन पावलांतच कोसळला. डोळे चुरचुरत होते, छातीत श्वास शिरेना. दार पलीकडे, कॉम्प्युटरची बटणं वर टेबलावर, हात उचलेना.

टिंग. पहिली हाक.

टिंग. दुसरी.

“नको रे दिना,” तो फरशीला गाल टेकून पुटपुटला, “मी नाय हाय... सांग त्यांना, मी नाय हाय...”

पडदा कोराच राहिला.

टिंग.

आणि भोंगा असा कोकलला, की सारा कारखाना धावत सुटला.

शुद्ध आली तेव्हा तो बाहेर झाडाखाली होता, आणि सुधीर त्याचा हात घट्ट धरून बसला होता. “दिनानं ऐकलं माझं,” कमळाकर रडत म्हणाला. “पन तुमी तं ते काम काढलं होतं ना, साहेब?”

“नाही रे,” सुधीर हळूच म्हणाला. “दिनानाथच्या मरणाची चौकशी मिटेपर्यंत हात लावायचा नाही, असं वरून सांगितलं होतं. मी खोटं बोललो. ते अजूनही चालूच आहे, मी आत्ताच बघून आलो. आज सकाळपासून एकही हाक त्याने सोडलेली नाही. फक्त ही सोडली.”